भुतांचा आठवडा, मतांचा मंगळवार

२९ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री सँडी हे चक्रीवादळ अमेरिकेत न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आदळले. झाडे उन्मळली, विजेच्या तारा रस्त्यांवर लोंबू लागल्या, किनाऱ्यालगतच्या वस्त्यांत पाणी शिरले आणि लाखो घरे अंधारात गेली. दोन दिवसांवर हॅलोविन हा भुतांचा सण होता आणि त्यानंतर सहा दिवसांनी अध्यक्षपदाची निवडणूक. तुटलेल्या तारांमधून मुलांनी संध्याकाळी दारोदार फिरणे धोक्याचे होते, म्हणून राज्याचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी ३१ ऑक्टोबरला रीतसर सरकारी आदेश काढला: यंदाचा हॅलोविन सोमवारी, ५ नोव्हेंबरला साजरा करावा. भुते सरकारी हुकमावरून पाच दिवस खोळंबली. मतदान मात्र ६ नोव्हेंबरलाच झाले. घर सोडावे लागलेल्या मतदारांना ईमेलने किंवा फॅक्सने मत पाठवण्याची मुभा मिळाली, पण तारीख हलली नाही. त्या वर्षी न्यू जर्सीत सोमवारी संध्याकाळी सांगाडे आणि चेटकिणी दारावर आल्या, आणि मंगळवारी सकाळी त्यांचेच आईवडील मतदानाच्या रांगेत उभे राहिले.

अमेरिकेच्या दिनदर्शिकेत हे दोन दिवस कायमचे शेजारी आहेत. ३१ ऑक्टोबरला भुतांचा सण. आयर्लंड-स्कॉटलंडमधून आलेल्या स्थलांतरितांनी तो सोबत आणला. तिकडे सलगम कोरून त्यात दिवा ठेवत, इकडे मुबलक मिळणारा तांबडा भोपळा त्याच्या जागी आला. अंधार पडला की मुले सोंगे घेऊन निघतात, घरोघरची दारे वाजवतात, 'खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू' अशी गोड धमकी देतात आणि पिशवी भरून चॉकलेट-गोळ्या घेऊन घरी येतात. त्यानंतर आठ दिवसांच्या आत मतदान. ज्या अंगणात थर्माकोलच्या समाध्या आणि प्लॅस्टिकचे सांगाडे रोवलेले असतात, त्याच अंगणात उमेदवारांच्या नावाच्या पाट्याही उभ्या असतात. दोन्हीकडे मुखवटे आहेत, दारोदार फिरणे आहे, काहीतरी गोड देण्याचा वायदा आहे आणि भरपूर भीती आहे. त्यामुळे दर दोन वर्षांनी अमेरिकेत या जोडगोळीवर विनोद होतात. ते विनोद जरा खोलात जाऊन पाहिले, की अमेरिकेच्या लोकशाहीबद्दल पुष्कळ काही हाती लागते.

सुरुवात तारखेपासून. नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार हा मतदानाचा दिवस २३ जानेवारी १८४५ च्या कायद्याने ठरला. तेव्हाचा बहुसंख्य मतदार शेतकरी. नोव्हेंबरपर्यंत पिके घरात आलेली असत आणि बर्फ अजून पडायचा असे. रविवार चर्चचा, घोडागाडीने मतदानाच्या गावी पोचायला सोमवार हाताशी हवा. म्हणून मंगळवार. पण मग सरळ 'पहिला मंगळवार' का नाही? सांगितली जाणारी लोकप्रिय कथा अशी, की १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस असल्याने तो टाळला. खरे कारण रुक्ष हिशेबाचे आहे. १७९२ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळाची बैठक डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी होत असे आणि मतदान त्याआधीच्या ३४ दिवसांत व्हायला हवे होते. मंगळवार १ नोव्हेंबरला आला, तर पहिला बुधवार ७ डिसेंबरला पडतो, म्हणजे ३६ दिवस होतात. ते टाळण्यासाठी 'पहिल्या सोमवारनंतरचा' ही अट घातली गेली. परिणाम असा, की मतदान २ ते ८ नोव्हेंबरच्या दरम्यानच येते आणि भुतांच्या रात्रीपासून ते कमीत कमी दोन, जास्तीत जास्त आठ दिवस दूर राहते. २००४ मध्ये अंतर दोनच दिवसांचे होते, २०१६ मध्ये पूर्ण आठ.

हॅलोविनसाठी पाठपुरावा करणारे लोकही वॉशिंग्टनमध्ये होते. उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करण्याची पद्धत पूर्वी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी संपत असे. हॅलोविनच्या संध्याकाळी तासभर जादा उजेड मिळाला तर मुले जास्त घरे फिरतील, असे गोळ्या-चॉकलेट उद्योगाचे म्हणणे होते. १९८५ च्या सुनावणीच्या वेळी सिनेटरांच्या खुर्च्यांवर साखरेचे भोपळे ठेवले गेले, अशी हकीकत या घड्याळ-प्रकरणाचा इतिहास लिहिणारे मायकल डाउनिंग सांगतात. भोपळ्यांचा गुण लगेच आला नाही. २००५ च्या ऊर्जा कायद्याने ही मुदत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत वाढवली आणि २००७ पासून ती अमलात आली. आज ३१ ऑक्टोबर दरवर्षी जादा उजेडाच्या काळात येतो.

पैशांच्या बाबतीतही दोन्ही दिवस तोडीस तोड आहेत. राष्ट्रीय किरकोळ व्यापारी महासंघाच्या अंदाजानुसार २०२४ च्या हॅलोविनवर अमेरिकनांचा खर्च १,१६० कोटी डॉलरच्या घरात जाणार होता. आदल्या वर्षी हाच आकडा १,२२० कोटी होता. राजकीय पैशांवर नजर ठेवणाऱ्या ओपनसीक्रेट्स या संस्थेने त्याच वर्षीच्या अध्यक्षीय आणि संसदीय निवडणुकांचा खर्च सुमारे १,५९० कोटी डॉलर राहील असे म्हटले होते. सगळ्या देशाचे एका रात्रीचे सोंग आणि सगळ्या देशाची सत्ता यांच्या खर्चात एवढेच अंतर.

आता मुखवटे. स्पिरिट हॅलोविन ही दुकानांची साखळी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅस्ट्रो व्हॅलीत सुरू झाली. तिची युक्ती सोपी: बंद पडलेले, रिकामे दुकान दोन-तीन महिन्यांसाठी भाड्याने घ्यायचे, सोंगांचे सामान विकायचे आणि नोव्हेंबर लागताच गाशा गुंडाळायचा. आता तिची दीड हजारांच्या आसपास दुकाने दर हंगामात उघडतात. उमेदवारांची प्रचार कार्यालयेही अशाच रिकाम्या गाळ्यांत, त्याच महिन्यांत उघडतात आणि त्याच आठवड्यात रिकामी होतात. याच साखळीने १९९६ पासून एक मापदंड चालवला: अध्यक्षपदाच्या दोन उमेदवारांपैकी ज्याचे मुखवटे जास्त खपतील, तो जिंकणार. २०१६ मध्ये बहुतेक जनमत चाचण्या हिलरी क्लिंटन यांच्या बाजूने कौल देत असताना मुखवट्यांचा हिशेब डोनाल्ड ट्रम्प ५५ टक्के, क्लिंटन ४५ टक्के असा होता. ट्रम्प जिंकले आणि चाचण्या करणाऱ्या नामवंत संस्थांपेक्षा रबरी चेहरे विकणाऱ्याला जास्त कळते, अशा बातम्या झळकल्या.

या भाकितावर विश्वास ठेवण्याआधी एक गोष्ट पाहायला हवी. २०१६ मध्ये देशभरातली प्रत्यक्ष मते मोजली, तर क्लिंटन यांना ट्रम्प यांच्यापेक्षा २८ लाखांहून अधिक मते मिळाली होती. ट्रम्प जिंकले ते राज्यवार निर्वाचक मतांच्या गणितावर. मुखवट्यांनी मते मोजली असे म्हणावे तर ते चुकले. मुखवटा घेणारा माणूस त्या नेत्याचा चाहताच असतो असेही नाही. ज्याची टिंगल करायची, त्याचाच चेहरा लोक हौसेने विकत घेतात. रिचर्ड निक्सन ९ ऑगस्ट १९७४ रोजी वॉटरगेट प्रकरणात राजीनामा देऊन घरी गेले, आणि त्यांचा लोंबत्या गालांचा, लांब नाकाचा मुखवटा त्यानंतर कित्येक दशके खपत राहिला. कॅथरिन बिगेलो यांच्या १९९१ च्या 'पॉइंट ब्रेक' चित्रपटातली टोळी निक्सन, रेगन, कार्टर आणि जॉन्सन यांचे मुखवटे घालून बँका लुटते. माजी राष्ट्राध्यक्षांचा चेहरा दरोड्यासाठी वापरला तरी प्रेक्षक हसतात आणि दिग्दर्शिकेला कोणी तुरुंगात टाकत नाही, ही त्या देशाची मोठी कमाई आहे.

स्वतः उमेदवारच सोंग घेऊन उभा राहण्याची परंपरा अमेरिकेपेक्षा ब्रिटनमध्ये जास्त पक्की आहे. डोक्यावर काळी बादली घातलेला 'लॉर्ड बकेटहेड' १९८७ मध्ये मार्गारेट थॅचर यांच्याविरुद्ध फिंचलेत उभा राहिला आणि त्याला १३१ मते पडली. २०१७ मध्ये त्याच नावाने दुसरा माणूस थेरेसा मे यांच्यासमोर उभा राहिला तेव्हा २४९. २०२४ मध्ये ऋषी सुनक यांच्या मतदारसंघात कचऱ्याच्या डब्याच्या आकाराचे शिरस्त्राण घातलेल्या 'काउंट बिनफेस'ने ३०८ मते मिळवली. पाच टक्क्यांपेक्षा कमी मते पडली की ५०० पौंडांची अनामत रक्कम जप्त होते, आणि हे लोक ती आनंदाने गमावतात. निकालाच्या रात्री पंतप्रधानाला त्या बादलीशेजारी निमूट उभे राहून आकडे ऐकावे लागतात.

मतांसाठी खाऊ वाटण्याचा इतिहास तर अमेरिकेच्या स्वातंत्र्याहून जुना आहे, फक्त पिशवी तेव्हा मतदाराच्या हातात होती. जॉर्ज वॉशिंग्टन १७५५ मध्ये व्हर्जिनियाच्या प्रांतिक सभागृहाची निवडणूक हरले. १७५८ मध्ये ते पुन्हा उभे राहिले आणि या वेळी त्यांच्या माणसांनी फ्रेडरिक काउंटीतल्या मतदारांना रम, वाइन, बिअर आणि सायडर मिळून सुमारे १६० गॅलन, म्हणजे ६०० लिटर दारू पाजली. मतदार चारशेच्या आतबाहेर. वॉशिंग्टन लष्करी कामगिरीवर दूर असूनही जिंकले. जेम्स मॅडिसन यांनी १७७७ मध्ये तत्त्वासाठी दारू वाटायला नकार दिला आणि ते पडले. पुढे राज्यघटनेचे शिल्पकार आणि चौथे राष्ट्राध्यक्ष झालेल्या माणसाला आधी हा धडा मिळाला होता.

आज मत देण्याच्या बदल्यात काहीही देणे केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे आणि तो किती कडक आहे हे २००८ मध्ये दिसले. स्टारबक्सने जाहीर केले, की ४ नोव्हेंबरला जो मत देऊन येईल त्याला एक कप कॉफी फुकट. हेतू चांगला होता, पण कायदेपंडितांनी लक्षात आणून दिले, की मतदानाचे बक्षीस म्हणून कॉफी देणेही त्या कायद्यात बसते. कंपनीने तातडीने घोषणा बदलली: मत दिले असो वा नसो, मागेल त्याला कॉफी. ३१ ऑक्टोबरला अनोळखी पोराच्या पिशवीत मूठभर चॉकलेटे टाकली तर तो शेजारधर्म, आणि चार दिवसांनी प्रौढ मतदाराला एक कप कॉफी दिली तर तो खटल्याचा विषय. ही रेघ अमेरिकेने ज्या काटेकोरपणे आखली आहे, तिचे कौतुक वाटते.

दार वाजवण्याला मात्र कायद्याची हरकत नाही आणि ते उपयोगीही पडते. येल विद्यापीठातले ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी १९९८ च्या निवडणुकीत न्यू हेवन शहरात सुमारे ३० हजार मतदारांवर एक प्रयोग केला. काहींच्या घरी माणूस पाठवला, काहींना टपाल, काहींना फोन. समोरासमोर येऊन 'मतदानाला या' असे सांगितलेल्यांचे मतदान लक्षणीय वाढले. टपालाने किरकोळ फरक पडला, फोनने काहीच नाही. त्यानंतर दोन्ही पक्षांच्या प्रचारयंत्रणा पुन्हा पायांवर भर देऊ लागल्या. दारात उभ्या असलेल्या माणसाला नकार देणे अवघड जाते, हे मुलांना आधीपासून ठाऊक होते.

भीतीकडे आले, की या तुलनेतला खेळकरपणा थोडा बाजूला ठेवावा लागतो. राजकीय भीतीचे पहिले मोठे सोंग व्यंगचित्रात सापडते. ७ नोव्हेंबर १८७४ च्या 'हार्पर्स वीकली'त टॉमस नॅस्ट यांचे चित्र छापून आले. राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट तिसऱ्यांदा उभे राहून हुकूमशहा होतील, अशी आवई 'न्यूयॉर्क हेरल्ड'ने उठवली होती. नॅस्ट यांनी त्या वृत्तपत्राला सिंहाचे कातडे पांघरलेले गाढव केले. त्याच्या ओरडण्याने जंगलातले प्राणी सैरावैरा पळताहेत आणि एक अवाढव्य हत्ती घाबरून खड्ड्याच्या काठावर आला आहे. त्या हत्तीवर लिहिले होते, 'रिपब्लिकन मते'. रिपब्लिकन पक्षाचे हत्ती हे चिन्ह या चित्रातून रूढ झाले. कातडे पांघरून शेतात चरणारे आणि ओरडताच उघडे पडणारे गाढव मराठी वाचकाला पंचतंत्रापासून माहीत आहे. पंचतंत्रात ते कातडे वाघाचे असते. अमेरिकेत मात्र या कथेतला घाबरलेला प्राणीच पक्षाने अभिमानाने छातीवर मिरवला.

त्यानंतर भीतीचा धंदा दूरचित्रवाणीवर गेला. ७ सप्टेंबर १९६४ ला एनबीसीवर एक जाहिरात दाखवली गेली. एक चिमुरडी फुलाच्या पाकळ्या तोडत आकडे मोजते, मग पुरुषी आवाजात उलटी मोजणी सुरू होते आणि तिच्या डोळ्यांच्या बाहुलीत अणुस्फोटाचा ढग उठतो. लिंडन जॉन्सन यांच्या प्रचारयंत्रणेने ती बनवून घेतली होती आणि पैसे भरून फक्त एकदाच दाखवली. बातम्यांनी ती पुन्हा पुन्हा दाखवून काम पुरे केले. प्रतिस्पर्धी बॅरी गोल्डवॉटर यांचे नावही तिच्यात नाही. जॉन्सन ६१ टक्के मते मिळवून जिंकले.

हॅलोविनच्या सगळ्यात जवळ जाणारी निवडणूक २०१० ची. फेब्रुवारीत कॅलिफोर्नियात सिनेटच्या उमेदवारीसाठी लढणाऱ्या कार्ली फिओरिना यांनी पक्षांतर्गत प्रतिस्पर्ध्याविरुद्ध केलेल्या जाहिरातीत मेंढीचे कातडे पांघरलेला, लाल चमकत्या डोळ्यांचा माणूस कुरणात रांगत होता. 'राक्षसी मेंढी' म्हणून ती देशभर गाजली. ती बनवणारे फ्रेड डेव्हिस यांच्याकडेच त्या वर्षी डेलावेअरमधल्या सिनेट उमेदवार क्रिस्टीन ओडॉनेल गेल्या. त्यांची अडचण वेगळी होती. १९९९ मधल्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्यांनी तरुणपणी जादूटोण्याच्या नादाला लागल्याचे सांगितले होते आणि ती फीत आता बाहेर आली होती. डेव्हिस यांनी त्यांना काळ्या पोशाखात, गडद निळ्या धुरकट पडद्यासमोर बसवले आणि मंद पियानोच्या साथीवर त्यांच्या तोंडी पहिलेच वाक्य घातले, की मी चेटकीण नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, दुकानादुकानांतून काळ्या टोप्या आणि केरसुण्या मांडलेल्या असताना, हे वाक्य घरोघर पोचले. ज्यांना ती फीत ठाऊक नव्हती, त्यांनाही प्रश्न पडला. २ नोव्हेंबरला त्या ४० टक्क्यांवर थांबल्या आणि ख्रिस कून्स निवडून आले.

पण हॅलोविन आणि निवडणूक यांच्यातले सगळ्यात खोल साम्य एका अफवेत आहे. अमेरिकेतले पालक दरवर्षी मुलांनी आणलेल्या गोळ्या तपासून पाहतात. अनोळखी लोक सफरचंदात ब्लेड आणि चॉकलेटात विष घालतात, ही समजूत घरोघर आहे. डेलावेअर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या बातम्या एकेक करून तपासल्या. सणाच्या खाऊत अनोळखी माणसाने विष घालून मूल दगावल्याचा एकही सिद्ध झालेला प्रकार त्यांना सापडला नाही. १९७४ मध्ये टेक्सासमध्ये आठ वर्षांचा मुलगा सायनाइड घातलेल्या गोळीच्या भुकटीने खरोखर मेला होता. विष घालणारा त्याचा स्वतःचा बाप निघाला, विम्याच्या पैशांसाठी. त्याला १९८४ मध्ये मृत्युदंड झाला. १९८२ च्या शरद ऋतूत शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी विष घालून सात जणांचा जीव घेतला, आणि त्या दहशतीत अनेक गावांनी मुलांच्या फेऱ्याच बंद केल्या. खरा धोका कुठे आहे, हेही तपासले गेले आहे. ४२ वर्षांच्या अपघात-नोंदींवरून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासात हॅलोविनच्या संध्याकाळी रस्त्यावर पायी चालणाऱ्यांचे मृत्यू इतर संध्याकाळींपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त आढळले. मुलांना मारते ती मोटारगाडी, आणि पालक चॉकलेटाचे वेष्टन उलगडून पाहत बसतात.

निवडणुकीतले विषारी चॉकलेट म्हणजे मेलेल्या माणसाचे मत. या भुताला इतिहास आहे, हे मान्य केले पाहिजे. १९४८ मध्ये टेक्सासमध्ये लिंडन जॉन्सन पक्षाच्या सिनेट उमेदवारीसाठी ८७ मतांनी जिंकले. निकालानंतर काही दिवसांनी जिम वेल्स काउंटीतल्या १३ क्रमांकाच्या पेटीत दोनशे जादा मते 'सापडली'. मतदारांची नावे वर्णानुक्रमाने, एकाच शाईत. काही नावे मेलेल्यांची. त्या केंद्राच्या अधिकाऱ्याने १९७७ मध्ये ती मते बनावट असल्याची कबुली दिली. प्यू संस्थेच्या २०१२ च्या अहवालानुसार देशातल्या मतदार याद्यांत सुमारे १८ लाख मृतांची नावे तशीच राहिली होती. पण यादीत नाव राहणे आणि त्या नावाने मत पडणे यात फार अंतर आहे. २०२० मध्ये ट्रम्प जॉर्जियात ११,७७९ मतांनी हरले. २ जानेवारी २०२१ च्या फोनवर त्यांनी राज्याचे निवडणूक प्रमुख ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांना सुनावले, की जवळपास ५,००० मृतांनी मतदान केले आहे. राज्याच्या यंत्रणेने शोध घेतला. प्रकरणे निघाली चार.

पाच हजार आणि चार. विषारी चॉकलेटाची भीती वर्षातून एका रात्री येते, आई पिशवी चाळते आणि मूल गोळी खाऊन झोपते. मृत मतदाराची भीती तशी विरत नाही. तिच्यावरून याद्या छाटल्या जातात, ओळखपत्राचे नियम कडक होतात, मतमोजणीच्या टेबलांवर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या साध्या कर्मचाऱ्यांना धमक्या येतात. खोट्या भुताला घाबरून जिवंत माणसाचे मत जाते, याची चिंता करायला अमेरिकन असण्याची गरज नाही.

मेलेले उमेदवार मात्र खरोखर जिंकतात आणि त्यात काही गैर नसते. मतपत्रिका छापून झालेल्या असतात. १६ ऑक्टोबर १९७२ रोजी अलास्कात हेल बॉग्ज आणि निक बेगिच या दोन काँग्रेस सदस्यांचे विमान बेपत्ता झाले. नोव्हेंबरात दोघेही पुन्हा निवडून आले. १६ ऑक्टोबर २००० रोजी मिसुरीचे गव्हर्नर मेल कार्नाहन विमान अपघातात गेले आणि तीन आठवड्यांनी त्यांनी विद्यमान सिनेटर जॉन ॲशक्रॉफ्ट यांना हरवले. त्यांची जागा पत्नी जीन यांनी घेतली. १६ ऑक्टोबर २०१८ रोजी नेवाडातले कुंटणखान्यांचे मालक डेनिस हॉफ मरण पावले आणि ६ नोव्हेंबरला विधानसभेवर निवडून आले. तिन्ही वेळा तारीख तीच. निव्वळ योगायोग, पण ऐकताना अंगावर काटा येतो.

ऑक्टोबर अखेरीस काहीतरी अनपेक्षित घडते आणि निवडणूक फिरते, याची तर अमेरिकन पत्रकार वाटच पाहतात. २८ ऑक्टोबर २०१६ ला एफबीआयचे संचालक जेम्स कोमी यांनी क्लिंटन यांच्या ईमेलविषयी संसदेला पत्र लिहिले. त्याआधी, ३१ ऑक्टोबर १९६८ च्या रात्री, मुले सोंगे घेऊन हिंडत असताना राष्ट्राध्यक्ष जॉन्सन दूरचित्रवाणीवर आले आणि उत्तर व्हिएतनामवरची बाँबफेक थांबवत असल्याचे त्यांनी जाहीर केले. मतदान ५ नोव्हेंबरला होते. शांतता आली तर डेमोक्रॅटिक उमेदवार ह्यूबर्ट हम्फ्री यांचे पारडे जड होणार होते. २ नोव्हेंबरला दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष थियू यांनी वाटाघाटींना यायला नकार दिला. हम्फ्री यांचे प्रतिस्पर्धी निक्सन यांच्या गोटातून थियू यांना थांबून राहण्याचे निरोप जात होते. निक्सन यांचे सहायक हाल्डमन यांच्या हस्तलिखित टिपणांतून निक्सन यांचा यातला हात पुढे उजेडात आला. निक्सन सुमारे पाच लाख मतांनी जिंकले. युद्ध आणखी चालले, माणसे मरत राहिली. ही खोडी खाऊ देऊन टळणारी नव्हती.

मुलांनी या सगळ्याकडे कसे पाहिले, त्याची दोन उदाहरणे आनंद देणारी आहेत. अमेरिकेत मत दिल्यावर शाई लावत नाहीत, 'मी मत दिले' असा स्टिकर देतात. २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या अल्स्टर काउंटीने त्याच्या चित्रासाठी शाळकरी मुलांची स्पर्धा ठेवली. बाकीच्यांनी झेंडे आणि तारे काढले. १४ वर्षांच्या एका मुलाने रंगीत दातांची, लाल डोळ्यांची कवटी काढली आणि तिला कोळ्यासारखे पाय लावले. काउंटीची लोकसंख्या १ लाख ८० हजार आणि ऑनलाइन मते पडली दोन लाखांहून जास्त, कारण देशभरातून लोक त्या भुतासाठी धावून आले. २०२४ मध्ये मिशिगनच्या स्पर्धेत १२ वर्षांच्या मुलीचे चित्र पहिले आले: झेंड्यासमोर उभा राहून स्वतःचा शर्ट टराटरा फाडणारा लांडगामाणूस. मिशिगनमधल्या मतदारांना हा स्टिकर मिळाला. त्याच मिशिगनच्या डेट्रॉइट परिसरातून त्या ५ नोव्हेंबरला श्री ठाणेदार दुसऱ्यांदा काँग्रेसवर निवडून गेले. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले आणि 'ही श्रीची इच्छा' हे आत्मचरित्र मराठीत लिहिणारे हे गृहस्थ आहेत.

२०२४ ची ती सगळी धांदलच विलक्षण होती. २८ ऑक्टोबरला ज्यो बायडेन यांनी व्हाइट हाउसमध्ये दिवाळी साजरी केली. ३० तारखेला तिथेच हॅलोविनला आलेल्या चिमुकल्यांपैकी कोंबडीचे सोंग घेतलेल्या बाळाचा पाय त्यांनी गमतीने दातांत धरला. त्याच दिवशी विस्कॉन्सिनमध्ये ट्रम्प नारिंगी जाकीट घालून कचऱ्याच्या गाडीत चढले, कारण आदल्या दिवशी बायडेन यांच्या तोंडून ट्रम्प-समर्थकांबद्दल 'कचरा' हा शब्द गेला होता. दुसऱ्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला, हॅलोविन आणि नरकचतुर्दशी एकत्र आली. पहाटे अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी भुतांची फेरी, असा तो दिवस न्यू जर्सीच्या एडिसनमधल्या मराठी मुलांच्या वाट्याला आला. १ नोव्हेंबरला न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांना पहिल्यांदाच दिवाळीची सुट्टी मिळाली. ५ तारखेला तिकडे मतदान, २० तारखेला इकडे महाराष्ट्रात विधानसभेचे.

भुतांची रात्र संपली की मुखवटा कपाटात जातो. निवडणुकीचा मुखवटा कधी उतरवायचा, याचा रिवाज अमेरिकेत एकाच ठिकाणी टिकून आहे: ओडॉनेल यांच्याच डेलावेअरमधल्या जॉर्जटाउन गावी. १७९१ मध्ये ससेक्स काउंटीचे मुख्य ठाणे लुईसहून इथे आले. लोक मत द्यायला येत आणि दोन दिवसांनी निकाल ऐकायला परत येत. तो परतीचा दिवस आजही पाळतात. मतदानानंतरच्या गुरुवारी जिंकलेले आणि हरलेले उमेदवार एकाच घोडागाडीत बसून गावातून फिरतात. दवंडी पिटणारा न्यायालयाच्या सज्जातून निकाल वाचतो. मग दोन्ही पक्षांचे स्थानिक अध्यक्ष मिळून एक कुऱ्हाड धरतात आणि वैर संपल्याची खूण म्हणून ती लुईसच्या किनाऱ्यावरून आणलेल्या वाळूत पुरतात. चौकात अख्खा बैल भाजलेला असतो. त्याचे सँडविच घ्यायला सगळे रांगेत उभे राहतात आणि तुम्ही कोणाला मत दिले, हे वाढणारा विचारत नाही.